बुडालेला ओटा

समुद्राच्या तळाशी जाताना सोबत काय न्यावं, हे पाणबुड्यांच्या शाळेने मला नीट समजावून सांगितलं होतं. त्यात फडकं नव्हतं. फडकं आईने दिलं. कोपऱ्याला कोपरा जुळवून, चौकोनी घडी घालून, आणि वर "ओलं करून वापर" अशी सूचना देऊन.

मी पाणीपट्टी विभागात कारकून आहे. म्हणजे माझं आयुष्य पाण्यात गेलं असं म्हणायला हरकत नाही, फक्त ते पाणी कागदावरचं. खऱ्या पाण्याशी माझा संबंध आंघोळीच्या बादलीपुरता. असा माणूस पाठीवर हवेची टाकी बांधून बुडालेल्या बोटीवर का गेला, हे सांगायचं तर आधी बोटीबद्दल सांगायला हवं.

खाडीच्या अलीकडची माणसं पलीकडे नेणारी आमच्याकडे एक फेरीबोट होती. तिच्यावर चहाचा एक ओटा होता आणि ओट्यामागे माझी आई. चहा चांगलाच असायचा, पण प्रसिद्ध होता तो आईचा आवाज. "रांगेत या!" ही तिची आरोळी बोट खाडीच्या मध्यावर असताना धक्क्यावरच्या माणसाला ऐकू यायची. बंदराचे मोठे साहेब एकदा मधे घुसले, तर त्यांनाही तिने शेवटी नेऊन उभं केलं. मी शाळेतून येताना बोटीवर चढायचो आणि "आई" म्हणत लाडात पुढे जायचो, तर म्हणायची, "आई घरी. इथे रांग." मी मुकाट्याने मागे जायचो. त्यामुळे माझ्या वाट्याला कायम तळातला, कडू होईपर्यंत उकळलेला चहा यायचा. आजही मला दुसरा चहा चहा वाटत नाही.

पुढे पूल झाला. पुलावरून लोक बसने जायला लागले आणि बोट रिकामी पडली. तेव्हा बंदराच्या कचेरीने ठरवलं की तिला भंगारात न काढता बाहेरच्या उपसागरात नेऊन बुडवायची, म्हणजे माशांना राहायला घर होईल. कल्पना चांगली होती. समारंभही झाला. इंजिन काढलं, तेलाचा थेंब न थेंब पुसला, काचा काढल्या, दारं काढली. ओटा मात्र बोटीच्या अंगालाच जोडलेला होता, तो राहिला. आईने साहेबलोकांना शेवटचा चहा पाजला आणि ओटा पुसायला फडकं हातात घेतलं, तोच कुणीतरी "मावशी, फोटो, फोटो" करत तिला दंडाला धरून धक्क्यावर नेलं. फोटो निघेपर्यंत बोटीची फळी काढलेली होती. ओट्यावर सांडलेली साखर आणि कपांची वर्तुळं घेऊन बोट निघाली आणि बुडाली.

"इंजिन पुसलं त्यांनी," आई घरी येऊन म्हणाली. "माझा ओटा कुणी पुसला?"

"अहो, अख्खा समुद्र आहे की आता पुसायला," माझी बायको समजुतीने म्हणाली.

"समुद्र पुसत नाही. भिजवतो."

त्या दिवसापासून आईने चहा करणं सोडलं. धक्क्यावर फिरायला जाणं सोडलं. गॅलरीत बसायची ती समुद्राकडे पाठ करून. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिचा आवाज गेला. गळ्याचा नव्हे, आतला. पूर्वी दूधवाला उशिरा आला तर चारही मजल्यांना कळायचं. आता तो पाण्यासारखं दूध घालून गेला तरी आई "असू दे" म्हणायची. चहा बायकोने करायला घेतला. त्या चहाबद्दल मी जास्त बोलणार नाही, मला त्याच घरात राहायचं आहे.

आणि अशातच एक दिवस मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. पाणबुड्यांची शाळा निघाली होती, नवशिक्यांनाही त्या बुडालेल्या बोटीवर नेत होते, तिथे पाण्याची खोली बेताची होती असं ऑफिसात कळलं. जेवताना मी सहज, अगदी भाजी वाढून घेता घेता म्हणालो, "मी एकदा खाली जाऊन बघूनच येतो काय झालंय ते."

आईने मान वर केली. कित्येक महिन्यांत तिने अशी मान वर केली नव्हती.

"पुसून येशील?" ती म्हणाली.

आता यावर कुठला मुलगा नाही म्हणेल? मी "हो" म्हणालो. बायकोने कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी ही बातमी सगळ्या इमारतीत पसरली आणि उंटावरचे शहाणे जमायला लागले. समोरच्या दारातले हेडमास्तर निवृत्त झाले आहेत, पण शिकवणं निवृत्त झालेलं नाही. ते म्हणाले, "शार्क समोर आला तर पळायचं नाही. नजरेला नजर भिडवायची."

"तुम्ही भिडवली आहे का कधी?"

"शिक्षणाधिकाऱ्याला भिडवली आहे."

वरच्या मजल्यावरच्या वहिनींना आम्ही 'हवामान खातं' म्हणतो, कारण त्या फक्त वादळाचेच अंदाज देतात. त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं की त्यांच्या मामेभावाच्या साडूच्या कानात असंच पाणी गेलं होतं, तर अजून त्याला डावीकडून हाक मारली की तो उजवीकडे ओ देतो. "तुम्ही जाच," शेवटी त्या म्हणाल्या, "पण जाताना सगळ्यांशी नीट बोलून जा." त्या दिवसापासून त्या मला जिन्यात फार हळुवारपणे वाट द्यायला लागल्या.

बोट बुडाली तरी सरकारचीच, त्यामुळे तिच्यावर जायला बंदराच्या कचेरीची परवानगी लागत होती. खिडकीमागच्या कारकुनाने माझा अर्ज वाचला.

"कशासाठी जायचंय?"

"चहाचा ओटा बघायला."

"तो बंद झाला."

"माहीत आहे. बुडाला."

"मग बंद ओट्यावर तुमचं काय काम?"

"आमच्या आईचा आहे तो."

"मग आईंना पाठवा."

मी स्वतः कारकून असल्यामुळे मनातल्या मनात त्याला दाद दिली. 'आईंना पाठवा' हे उत्तर मला इतक्या वर्षांच्या नोकरीत सुचलं नव्हतं. पण त्याच्या घरची पाणीपट्टी आमच्याच विभागात येते, हे त्याला आठवलं की मी आठवण करून दिली ते आता लक्षात नाही, परवानगी मिळाली. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की बोटीवर कुठलीही वस्तू ठेवू नये, तिथली कुठलीही वस्तू आणू नये आणि कशालाही हात लावू नये. मी खाली सही ठोकली. कारकून सहसा वाचून सही करत नाहीत, ही आमच्या पेशाची परंपरा आहे.

मग पोहण्याच्या तलावात शिक्षण सुरू झालं. शिकवणारी मुलगी तिशीची असेल, सडपातळ, आणि डोळ्यांत जराही दयामाया नाही. मी तिला 'मास्तरीणबाई' म्हणायचो, ती मला 'काका' म्हणायची. तिने सगळ्यांना एकेक अंगाला चिकटणारा रबरी पोशाख दिला. बाकीचे त्यात शिरले; मला त्यात भरावं लागलं. दोघांनी दोन बाजूंनी ओढलं आणि मास्तरीणबाईने मधून ढकललं. घरी उशीला अभ्रा घालताना उशीला काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

त्याहून मोठा अपमान पुढेच होता. पाण्यात खाली जाण्यासाठी कमरेला शिशाचे तुकडे बांधतात. सगळ्यांना थोडेथोडे पुरले. मी मात्र कितीही बांधले तरी बुचासारखा वर.

"काका, चरबी तरंगते," मास्तरीणबाई सर्वांसमक्ष म्हणाली आणि आणखी शिसं आणायला गेली.

श्वास नाकाने घ्यायचा नाही, तोंडाने घ्यायचा. श्वास कधी रोखून धरायचा नाही. घाबरलं तर थांबायचं, श्वास घ्यायचा, मग विचार करायचा. आमच्या ऑफिसात याच्या बरोबर उलट क्रम आहे, त्यामुळे मला वेळ लागला. पण शिकलो. खरंच शिकलो. एक दिवस तलावाच्या तळाशी मांडी घालून बसलो आणि माझ्याच श्वासाचे बुडबुडे वर जाताना बघत राहिलो. इतकी शांतता मला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळत होती, आणि हे मी घरी येऊन बोलूनही दाखवलं. ती चूक होती.

शेवटी तो दिवस उजाडला. फडकं मी पोशाखाच्या बाहीत सरकवलं होतं. होडीतून उडी टाकली, दोर धरला आणि मास्तरीणबाईच्या मागोमाग खाली निघालो. आधी सगळं हिरवं होतं, मग निळसर, आणि मग अचानक खाली आमची बोट दिसली. तिरपी नाही, मोडलेली नाही, चांगली सरळ बसलेली. कठड्यावर मऊ, झुलणारं काहीतरी उगवलं होतं. जिथे लोक पावसाळ्यात छत्र्या टेकवून उभे राहायचे तिथून चांदीसारख्या माशांचा थवा आत शिरत होता, आणि तोही गर्दीच्या वेळच्या प्रवाशांसारखा एकदम. मला भरून आलं. पाण्याखाली भरून आलं तर डोळे पुसता येत नाहीत, हे तलावात कुणी शिकवत नाही.

आणि मग ओटा दिसला. तोच. त्याच्यावर गाळाचा जाड थर, हिरवट लव, शिंपल्या, काय वाटेल ते. आईच्या ओट्यावर! माझं डोकं चालेना, हात चालला. कशालाही हात लावायचा नाही हा नियम, परवानगी, मास्तरीणबाई, सगळं पालथ्या घड्यावर पाणी झालं. मी बाहीतून फडकं काढलं आणि आई पुसते तसं, डावीकडून उजवीकडे, जोर देऊन पुसायला लागलो.

दोन फटक्यांत गाळ असा उठला की मला माझा हात दिसेना. मास्तरीणबाई दिसेना. बोट दिसेना. त्या धुरळ्यात कुणीतरी फडकं पकडलं. मला वाटलं मास्तरीणबाई, म्हणून मी सोडलं नाही, कारण ते आईचं होतं. मी ओढलं, पलीकडूनही ओढलं गेलं. मग माझ्या मनगटाला काहीतरी चिकटलं आणि ते बाईमाणसाचं नव्हतं. ओट्याखालच्या फटीतून एक ऑक्टोपस आला होता आणि त्याचे बरेचसे हात या कामात गुंतले होते. मी त्याच्या नजरेला नजर भिडवून पाहिली. हेडमास्तरांना एवढंच सांगायचंय, काही उपयोग होत नाही. फडकं गेलं.

मास्तरीणबाईने मला पोशाखाच्या पट्ट्याला धरून सावकाश वर आणलं. होडीवर आल्यावर ती जे बोलली ते मी इथे देत नाही. सारांश असा, की मी घाण समजून जे पुसलं ती घाण नव्हती, वस्ती होती. एकेका शिंपलीत, एकेका लवेत कुणीतरी घर मांडून बसलं होतं आणि मी सकाळी सकाळी त्यांच्या घरावर फडकं फिरवलं होतं.

घरी सगळे वाट बघत होते. मास्तरीणबाईच्या कॅमेऱ्यातलं चित्रण मी टीव्हीवर लावलं. त्यात आधी तपकिरी ढग दिसला, मग तपकिरी ढगात माझं ढुंगण दिसलं, मग परत ढग.

आई बराच वेळ बघत राहिली. "एवढी घाण झालीये?" ती हळूच म्हणाली. मग तिने विचारलं, "फडकं कुठाय?"

"ऑक्टोपसने घेतलं."

"त्याला आठ हात असतात ना? मग ओटा असा का ठेवलाय त्याने?"

मी हसलो, पण ती हसली नव्हती. ती उठली आणि गॅलरीत जाऊन समुद्राकडे पाठ करून बसली. बायको मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि म्हणाली, "चांगलं करायला गेलात, आगीतून फुफाट्यात पडलो आपण. आता काय ते निस्तरा." माझं खरंच चुकलं होतं. आधी तिला नुसती शंका होती, आता मी तिला पुरावाच आणून दिला होता.

दुसऱ्या दिवशी पडलेल्या चेहऱ्याने मी शाळेत गेलो. मास्तरीणबाई दारातच म्हणाली, "ते फडकं खाली राहिलंय. समुद्रात कचरा टाकून आमचा कुणी विद्यार्थी घरी जात नाही. ते काढायला मी जाणार आहे. तुम्ही येणार नाही."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "फक्त सांभाळून आणा. आईचं आहे. त्या ओट्यावर ती चहा द्यायची."

ती थांबली. "कोण? 'रांगेत या' म्हणजे तुमची आई?"

"हो."

"काका, मी त्याच बोटीने शाळेत जायचे. एकदा मी रांगेत घुसले, तर त्यांनी मला मागे पाठवलं. परत आले तर परत पाठवलं. पलीकडचा किनारा आला तरी मला बिस्किट मिळालं नाही. मला इतका राग आला होता!" मग ती जरा हसली. "अजून मी कुठे रांग मोडत नाही. चला तुम्ही. पण हात छातीशी बांधायचे. एक बोट जरी सुटलं तरी वर आणून सोडीन."

दुसऱ्यांदा मी हाताची घडी घालून समुद्रात उतरलो, हेडमास्तरांच्या वर्गात शिरल्यासारखा. गाळ बसला होता, पाणी आरशासारखं होतं. फडकं ऑक्टोपसच्या फटीच्या तोंडाशी पडद्यासारखं लटकत होतं. मास्तरीणबाईने ते अलगद सोडवून घेतलं. तो आत बसून एका डोळ्याने बघत होता, बहुधा माझ्याकडेच. मग तिने मला ओट्यापासून जरा लांब थांबायची खूण केली आणि कॅमेरा ओट्याकडे धरला. आम्ही नुसते थांबलो. मला वाटलं आता काय बघायचं राहिलंय?

आणि मग मला ते दिसलं. बोटाएवढी, निळ्या पट्ट्याची एक मासळी ओट्याच्या मागून बाहेर आली, बरोबर आई उभी राहायची तिथून.

घरी टीव्ही लावला तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. हेडमास्तर आले होते, हवामान खातं आलं होतं आणि मी जिवंत असल्यामुळे जरा हिरमुसलं होतं. मास्तरीणबाईही आली होती आणि दाराजवळ आईपासून लांब उभी होती. आईला मी हाताला धरून आणून बसवलं.

"ओटा पुसला नाही मी," मी आधीच सांगितलं. "पुसायचा नाही म्हणतात."

"असू दे," आई म्हणाली.

पडद्यावर स्वच्छ पाण्यात ओटा दिसला. त्याच्यावर गुलाबी, जांभळं, हिरवं काय काय उगवलेलं. निळ्या पट्ट्याची मासळी ओट्यावर नाचल्यासारखी हलत होती. समोरून जाड ओठांचा एक मोठा मासा आला, ओट्यासमोर थांबला आणि त्याने आ वासला. मासळी सरळ त्याच्या तोंडात शिरली.

"अगं बाई, गेली!" वहिनी आनंदाने ओरडल्या.

"गेली नाही," दारातून मास्तरीणबाई म्हणाली. "दात साफ करतेय त्याचे. अंगावरची घाण काढते, तेच तिचं खाणं. ते तिचं काम आहे आणि ती तिची जागा ठरलेली आहे. मोठे मासे लांबून लांबून येतात आणि थांबतात."

मासळी एका बाजूने बाहेर आली. मोठा मासा तृप्त होऊन निघून गेला. तेव्हा त्याच्या मागे दुसरा होता, हे दिसलं. त्याच्या मागे तिसरा. आणि त्यांच्या मागे बोटीच्या कठड्यापर्यंत, एकामागे एक, निमूट.

आईने चष्मा पुसला आणि परत लावला. ती खुर्चीच्या टोकाशी आली.

"रांग आहे," ती म्हणाली.

"हो."

"ओट्यासमोर."

"हो, आई."

तेवढ्यात कडेने एक गुबगुबीत मासा आला आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला.

"हा कोण मधेच?" आई कडाडली. खिडकीची काच थरथरली असं बायको अजून सांगते. "अरे ए! दिसत नाही का, लोक उभे आहेत ते?"

मासळीने त्या गुबगुबीत माशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती त्याला वळसा घालून रांगेतल्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेली.

"शाब्बास," आई म्हणाली. "अस्संच करायचं. बघतसुद्धा नाही त्याच्याकडे. पोरगी पक्की आहे." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिने लपवलं नाही. "म्हणजे ओटा बंद नाही," ती म्हणाली.

"नाही आई. जोरात चालू आहे."

मास्तरीणबाईने पुढे होऊन घडी घातलेलं फडकं तिच्या हातात दिलं. आईने ते उलटंसुलटं करून बघितलं, वास घेतला, नाक मुरडलं आणि उठली. आम्हाला वाटलं गॅलरीत चालली. ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला, मग गॅस पेटल्याचा. बायको पदर सावरत मदतीला धावली आणि तितक्याच वेगाने बाहेर परत आली.

थोड्या वेळाने तो वास आला. मी काय सांगू तुम्हाला! सगळी खोली एकदम उठली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी रेटारेटी सुरू झाली. हेडमास्तरांनी वहिनींना कोपर मारलं.

"रांगेत या!" आतून आवाज आला.

चारही मजल्यांना ऐकू गेला असणार. सगळे जागच्या जागी थिजले आणि मग मुकाट्याने एकामागे एक उभे राहिले. मास्तरीणबाई धावत जाऊन पहिली उभी राहिली होती. आईने तिच्याकडे नीट निरखून बघितलं, पहिला कप दिला आणि वर एक बिस्किट ठेवलं.

मी मात्र समुद्रात दोनदा उतरलेला माणूस. मी छाती काढून, सगळ्यांना ओलांडून पुढे गेलो आणि कप धरला.

"तू कुठे घुसतोस?" आई म्हणाली. "मागे जा."

मी मागे गेलो, वहिनींच्याही मागे. माझ्या वाट्याला तळातला चहा आला, कडू होईपर्यंत उकळलेला. मी तो उभ्या उभ्याच प्यालो.